कल्ल्यावरची ओल

१

आमच्या कामात पाण्याला मज्जाव आहे. मासा ज्या लादीत अडकलेला असतो ती शेवटी चिकणमातीच, फक्त कोट्यवधी वर्षं दाबली गेलेली. ओला ब्रश लागला की ती बिस्किटासारखी फुगते आणि तिचे पदर सुटतात. कोरडी ठेवावी तर हाड कुठलं आणि दगड कुठला ते कळत नाही. दोघांचा रंग एकच, जुन्या चपलेचा. म्हणून जुने कारागीर लादीला वाफ देतात. तोंड अगदी जवळ न्यायचं आणि चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतो तसा श्वास सोडायचा. दगड ती वाफ पितो, हाड पीत नाही. दहा आकडे मोजून होईपर्यंत हाड चमकतं. तेवढ्यात सुईने त्याची कड आखून घ्यायची.

या विद्येत माझ्या बाबांचा हात धरणारा कोणी नव्हता. संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत त्यांनी एकतीस वर्षं दगडातून मासे सोडवले. ते निवृत्त झाल्यावरही सरांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, या एका लादीसाठी त्यांना परत बोलावलं आणि मदतीला मला घेतलं. माझ्याकडे पदवी होती, बाबांकडे हात होता. मी मैत्रिणींना सांगायची, आमच्या विभागातल्या दोन जीवाश्मांची अजून नोंदच झालेली नाही.

"मास्क," मी म्हणायची.

"लावतो."

"लावतो नाही, लावा. आत्ता."

"अगं, मास्कमधून वाफ कशी देऊ? तूच सांग, तू शिकलेली आहेस."

"दिवा तिरपा करा. कड दिसते."

"तुला दिसते ती सावली. कड नाही."

आणि मास्क हनुवटीवर ओढून ते पुन्हा त्या दगडाला तोंड लावायचे. प्रत्येक वाफेनंतर एक श्वास आत जायचा आणि त्याच्याबरोबर दगडाची धूळ. त्यांचा खोकला आता जिन्यावरून ओळखू यायचा. मी ओरडायची, चिडायची, एकदा मास्कची पेटी त्यांच्या पुढ्यात आपटली. पालथ्या घड्यावर पाणी.

मासा हातभर लांब होता. आठ महिन्यांत त्याचं अंग मोकळं झालं होतं: शंकरपाळ्याच्या आकाराचे जाड, चकचकीत खवले, एकात एक अडकवलेले, आणि सुसरीसारखं लांब तोंड. तोंड मिटलेलं. दोन जबड्यांमधला दगड अजून तसाच होता. तो शेवटी काढायचा, असं ठरलं होतं.

त्या सोमवारी सकाळी मी लादीवरचं धुळीचं कापड उचललं तेव्हा कल्ल्याच्या झाकणावर ओल होती. तान्ह्या मुलाच्या तळव्याएवढी.

"तुम्ही आत्ता वाफ दिलीत?"

बाबा अजून डबा ठेवत होते. "मी? मी तर तुझ्यामागून आलो."

मी पुन्हा वळले तेव्हा ओल वाळली होती.

२

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझा विश्वास टीपकागदावर आहे. मी तो कल्ल्यावर ठेवला, काढला, दिव्याखाली धरला. ओला होता. मग छताचे पाइप पाहिले, वातानुकूलनाची नळी पाहिली, लादी दोघांनी मिळून उचलून खालची वाळूची पिशवी पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत.

ओल मात्र येत होती. यायची, चमकायची, कडेपासून आत आत वाळत जायची. मग पुन्हा यायची. मी घड्याळ लावलं. चार मिनिटं वीस सेकंद. पुन्हा लावलं. चार मिनिटं वीस.

मी सरांना खाली बोलावलं. सर चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि लगेच सरळ झाले.

"क्षार," ते म्हणाले. "दगडातले क्षार हवेतला दमटपणा ओढतात. इतकं साधं शिकवलं नाही का तुम्हाला कॉलेजात?"

"क्षार घड्याळ लावून ओढतात, सर?"

"वातानुकूलन घड्याळ लावून चालू-बंद होतं ना? मग!"

उत्तर चांगलं होतं. मला राग त्याचाच आला. यंत्र किती मिनिटांनी चालू होतं ते मी नंतर मोजलं: अकरा. पण तोवर सर त्यांच्या आवडत्या विषयावर घसरले होते. ‘गार’ नावाच्या जातीचे मासे. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, संथ नद्यांत आणि दलदलींत ते आजही आहेत आणि जवळजवळ असेच आहेत. बाकीच्या माशांनी हजार रूपं घेतली, यांनी चिलखत घातलं ते घातलंच. आमचा मासा सगळ्या माहीत असलेल्या गारांहून जुना, त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष असावा, असं सरांना सिद्ध करायचं होतं.

"आजचा गार पाण्यातली हवा संपली की वर येतो," सर म्हणाले. "तोंड बाहेर काढून हवा गिळतो आणि खाली जातो. पोटात हवेची पिशवी असते, तिचंच फुप्फुस केलंय त्याने. प्रश्न असा की हे यानेही केलं असेल का? की ते नंतर आलं?"

"दगडावरून ते कळणार नाही," मी म्हटलं. "पिशवी कुजून जाते."

"तेच तर दुर्दैव आहे."

बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून आमचं ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "करत असेल."

"कशावरून?" सरांनी विचारलं.

बाबा ओशाळून हसले. "नाही, असंच आपलं."

३

रविवारी दुपारी बाबा आरामखुर्चीत झोपले होते. पेपर छातीवर. मी शेजारी नखं कापत बसले होते. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. तिचा आवाज थांबला तेव्हा लक्षात आलं, खोलीत दुसरा कसलाच आवाज नाही. बाबांच्या छातीवरचा पेपर हलत नव्हता.

मी उठणार इतक्यात त्यांनी हनुवटी वर केली. डोळे मिटलेलेच. तोंड छताकडे उघडलं, घशातून गुटकन आवाज झाला, पाण्याचा मोठा घोट घ्यावा तसा, आणि मान पुन्हा खाली आली. पेपर एकदा वर झाला, खाली झाला आणि थांबला.

मी मोबाइलवर घड्याळ लावलं. लावताना स्वतःलाच शिव्या दिल्या.

चार मिनिटं वीस सेकंद.

"आई, बाबा असे झोपतात?"

"कसे?"

"श्वास न घेता."

"घोरत नाहीत हल्ली, देवाची कृपा," आई हात पुसत म्हणाली. "तुझं आपलं काहीतरीच. झोपू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काचेवर लावला. फुप्फुसांत पांढरे ठिपके, खडूची भुकटी उडवल्यासारखे.

"दगडाची धूळ," त्या म्हणाल्या. "ही आता निघणार नाही. पुढे वाढू नये एवढंच आपल्या हातात."

"आणि ते चार मिनिटांनी श्वास घेतात त्याचं काय?"

त्यांनी बाबांच्या बोटाला चिमटा लावला. आकडा उत्तम आला. "चार मिनिटांनी श्वास घेणारा माणूस माझ्यासमोर बसून गप्पा मारत नसता. तुमची मोजण्यात चूक झाली असेल. झोपेत श्वास अडकतो काहींचा. पण तळघर बंद. आजपासून."

बाबांनी मान खाली घातली. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. आठ महिने घसा कोरडा करून जे झालं नाही ते एका पांढऱ्या कोटाने एका वाक्यात केलं.

घरी परतताना रिक्षात ते म्हणाले, "त्याला झाकू नकोस हं."

"कोणाला?"

"माशाला. उघडा असू दे."

"तो दगड आहे, बाबा."

"हो, हो. दगडच."

४

फोटो काढण्याआधी जीवाश्मावर राळेचं पातळ द्रावण फिरवतात. खवले सुटत नाहीत आणि दगड हवा-पाणी पीत नाही. हे नेहमीचं काम. मी ते का केलं याला म्हणून फार मोठं कारण शोधायला नको. पण खोटं कशाला बोलू? ती ओल मला बंद करायची होती. आठवडाभर मी एकटी त्या टेबलाशी बसत होते आणि दर चार मिनिटांनी माझी मान आपोआप तिकडे वळत होती.

सकाळी साडेअकराला मी पहिला हात दिला. दुसरा दिला. कल्ल्यावर तिसराही दिला. ब्रश धुतला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं गेली. सहा गेली. ओल नाही. मी चक्क टाळी वाजवली.

आईचा फोन आला.

"अगं, यांना काय होतंय बघ ना. तोंड उघडतायत नि... अहो! अहो, इकडे बघा! ओठ काळे पडलेत गं!"

"डॉक्टरांना फोन कर. शेजारच्या काकांना हाक मार. मी निघते."

घर वीस मिनिटांवर. मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले. तिथे थांबले. माझं शिक्षण, माझी अक्कल, सगळं मला पुढे ढकलत होतं: जा, बाप मरतोय तिकडे. आणि मी परत फिरले. चालू फोन तसाच टेबलावर ठेवला, ॲसिटोनची बाटली कल्ल्यावर ओतली आणि कापसाच्या बोळ्याने घासायला लागले. राळ चिकट झाली, बोळ्याला दोरे सुटले. दुसरा बोळा. तिसरा. मला माझाच हुंदका ऐकू येत होता आणि फोनमधून आई "अहो, अहो" करत होती. मी काय करते आहे हे कोणी पाहिलं असतं तर मला वेड्यांच्या इस्पितळात घातलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

बोळ्याखाली दगडाचा रंग परत आला. मी हात उचलला.

ओल आली.

फोनमधून गुटकन आवाज आला. मग आईचं रडणं. मग बाबांचा, अगदी नेहमीचा आवाज: "काय गं, काय झालं? पाणी दे जरा."

ॲसिटोन उडताना दगड गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते. ओलीचं हे स्पष्टीकरण आहे. आणि बाबांना दम्यासारखा झटका आला असेल, तो गेला असेल. हेही स्पष्टीकरण आहे. दोन्ही मी त्या रात्री अंथरुणात स्वतःला पन्नासदा सांगितली. त्यानंतर लादीवर धुळीचं कापडसुद्धा टाकलं नाही.

५

महिनाभर काही घडलं नाही. बाबा पेपर वाचायचे, आईशी भांडायचे, जेवायचे. मधूनच हनुवटी वर करायचे. आई म्हणायची, मान आखडलीय, मालिश करते.

मग सरांनी मला वर बोलावलं. टेबलावर कागदांचा ढीग.

"आनंदाची बातमी," ते म्हणाले. "लादी परदेशात चाललीय. तिथे दगडाच्या आरपार बघणारं यंत्र आहे. न कोरता कवटी आतून दिसेल. सोमवारी पॅकिंगवाला येतोय."

"पॅकिंग कसं करणार?"

"जसं करतात तसं. जहाजाने जाणार, दमट हवा लागता कामा नये. फॉइलची पिशवी, आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, वर पेटी. सात आठवडे."

मी खुर्ची धरली.

"सर, तिला हवा लागते."

"कोणाला?"

मी सांगितलं. सगळं. टीपकागद, चार मिनिटं वीस सेकंद, आरामखुर्ची, राळ. सांगताना माझं मलाच ते कसं ऐकू येत होतं! एरवी मी सरांच्या वाक्यांतून चुका काढायची, आज त्यांना काढायला माझ्या वाक्यांत जागाच जागा होती. पण ते हसले नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं. तेच जास्त वाईट.

"बाळा," ते म्हणाले. याआधी त्यांनी मला कधी बाळा म्हटलं नव्हतं. "वडील आजारी आहेत, तू एकटी तळघरात बसतेस. चार दिवस सुट्टी घे. आणि हे जे तू म्हणतेस ते संशोधनाच्या भाषेत मांडता येत असेल तर लिहून दे. मी जरूर वाचेन."

मी दोन दिवस लिहायला बसले. शीर्षकाच्या पुढे गेले नाही.

६

सोमवारी बाबा आलेच. इस्त्रीचा शर्ट घालून, आईला न सांगता, रिक्षा करून. "शेवटचं बघतो," म्हणाले आणि भिंतीला टेकून स्टुलावर बसले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पॅकिंगवाला जाडजूड, शांत माणूस होता. त्याने लादी स्पंजावर ठेवली, स्पंजासकट पिशवीत सरकवली.

"दादा, एखादं भोक ठेवता येईल?" मी विचारलं.

"भोक? ताई, मग पंप कशाला आणलाय मी? कोंबडी थोडीच नेतोय."

सर खाकरले.

पंप सुरू झाला. चंदेरी फॉइल आक्रसत गेली, दगडाला चिकटली, आणि तिच्यातून मासा वर आला: लांब तोंड, खवल्यांच्या तिरप्या ओळी, कल्ल्याचं झाकण. पॅकिंगवाल्याने तापलेल्या पट्टीने पिशवीचं तोंड डकवलं. मी घड्याळ लावलं होतं.

चार मिनिटं वीस सेकंदांनी कल्ल्यावरची फॉइल उचलली गेली. दुधावरची साय उचलते तशी, सावकाश. बाबांनी हनुवटी वर केली आणि हवा गिळली.

"शिवण सुटली कुठेतरी," पॅकिंगवाला म्हणाला. त्याने तळहाताने फुगवटा दाबला, पट्टी पुन्हा फिरवली, पंप पुन्हा लावला.

तेव्हाच मी काहीतरी करायला हवं होतं. पण एकदा झालं तो योगायोग. दुसऱ्यांदा झालं तरी योगायोग. तीनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे मला इतकं पाठ झालं होतं की मी हातात घड्याळ धरून, तिथेच, बापाच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्यांदा फॉइल उचलली ती फोडाएवढीच. बाबांच्या घशातून अर्धाच आवाज आला. त्यांची बोटं गुडघ्यावर पसरली.

"बाबा, घरी जायचं?"

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलंही नाही. ते टेबलाकडे बघत होते.

"हट्टी दिसतोय," पॅकिंगवाला म्हणाला आणि या वेळी त्याने दोन्ही तळवे ठेवून, अंगाचा भार टाकून दाबून धरलं.

"दादा, हात काढा."

"बसतंय, ताई. दोन मिनिटं."

"हात काढा म्हणते ना!"

"अगं, त्यांना काम करू दे," सर म्हणाले आणि त्यांनी माझा दंड धरला.

तिसऱ्यांदा फॉइल उचललीच नाही. त्याच्या तळव्यांच्या कडेला नुसती थरथरली. बाबांचा चेहरा छताकडे वळला, तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. घसा हलला नाही.

मी दंड सोडवला, ट्रेमधली सुरी उचलली. पॅकिंगवाला मागे उडाला. मी कल्ल्यापासून तोंडापर्यंत फॉइल चिरली.

हवा आत गेली. तिचा आवाज झाला, लांबलचक, आणि तो लगेच संपायला हवा होता. एवढ्याशा पिशवीत एवढी हवा मावत नाही. सर काहीतरी ओरडत होते. चिरेतून मला जबड्याची कड दिसली. दोन जबड्यांमधला दगड मी कोरलेला नाही. बाबांनीही नाही; कामाच्या नकाशात तो भाग अजून रेघांनी भरलेला आहे. तिथे काळी फट होती. बोट जाईल एवढी. मी पाहत असताना ती थोडी कमी झाली.

मी वळले. बाबा तसेच बसले होते. डोळे उघडे, तोंड उघडं, ओठ शिशासारखे. मी त्यांना खाली निजवलं, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून सगळा श्वास सोडला. छाती वर आली नाही. माझा श्वास आत गेला, जात राहिला, लांब नळीत फुंकावं तसा, आणि कुठेच अडला नाही.

मागे टेबलावर फाटलेली फॉइल फडफडली.

"आता ही हवा कुठून येतेय?" पॅकिंगवाला म्हणाला.

मी छाती भरून घेतली आणि पुन्हा बाबांच्या तोंडाला तोंड लावलं.